शून्य कन्फर्मेशनवर माल दिला, ६८,५०० अक्कलखाती

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांनी एकदाच हसून घ्यावं. बिटकॉइनवर विकलेल्या एका लॅपटॉपचे ६८,५०० रुपये. त्यात माझी खरेदी ५९,००० ची, आणि वर ४५० रुपयांची बॅग मी आपणहून फुकट दिली. चोराला बॅग भरून दिली म्हणा ना.

घर बांद्याला, दुकान गोव्यात हरमलला. जुने मोबाइल, लॅपटॉप, दुरुस्ती. सीझनमध्ये निम्मं गिऱ्हाईक परदेशी. त्यांचं कार्ड कधी चालतं, कधी नाही, यूपीआय बहुतेकांकडे नसतं, मग कोणीतरी विचारतोच, बिटकॉइन चालेल का. त्याआधी दोनदा घेतलं होतं, एकदा ४,२०० चं आणि एकदा ११,००० चं. दोन्ही वेळा पैसे चोख आले. त्यामुळे ‘लोभाला बळी पडला’ वगैरे कोणी ऐकवू नये. एक रुपया जास्तीचा मिळणार नव्हता मला.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, संध्याकाळचे साडेसात. हा माणूस आदल्या दिवशीही येऊन गेला होता, घासाघीस करून गेला होता. फुकट न्यायची वस्तू कोण घासाघीस करून घेतो? तिथेच मला तो खरा गिऱ्हाईक वाटला. मॅकबुक एअर, १६ जीबी. त्या दिवशीच्या भावाने, साधारण ८४ लाखाला एक, ०.००८१५ बिटकॉइन झाले. त्याने माझा क्यूआर स्कॅन केला, माझ्या फोनवर टिंग झालं, हिरव्या अक्षरात रक्कम आली. आणि त्याखाली, राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात: ० कन्फर्मेशन. म्हणजे, हे मला नंतर कळलं, व्यवहार अजून ब्लॉकमध्ये, बिटकॉइनच्या पक्क्या वहीच्या पानावर, चढलेलाच नाही.

मी ते पाहिलं. हेच मला रात्री झोपू देत नाही. पाहिलं, एवढंच नाही तर बोट ठेवून त्यालाच विचारलं, हा झीरो कसला? तो हसून म्हणाला, ‘नेटवर्क स्लो, टेन मिनिट्स, नो प्रॉब्लेम.’ आणि मी मान डोलावली! ज्याच्याकडून पैसे यायचेत त्यालाच विचारतोय की बाबा, पैसे आले का. मी बिल लिहीत होतो, तेव्हा तो पुन्हा फोनवर काहीतरी करत होता. पैसे पाठवून झाले होते, मग त्या फोनवर आता काय काम? टॅक्सी थांबलीय म्हणाला आणि गेला. पुढचा ब्लॉक यायला त्या दिवशी सतरा मिनिटं लागली. तोवर हिरवी रक्कम गायब.

भाच्याने रात्री एक्सप्लोररवर, म्हणजे बिटकॉइनचे सगळे व्यवहार दिसतात त्या वेबसाइटवर, दाखवलं. पहिला व्यवहार त्या गिऱ्हाइकाने एकूण १४१ सातोशी (एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी) फीवर सोडला होता, म्हणजे आपले १२ रुपयेसुद्धा नाहीत. मग मी बिल लिहीत असताना तेच नाणं, १,५४० सातोशी फी लावून, दुसऱ्या पत्त्यावर वळवलं. बहुधा स्वतःच्याच. मायनर, म्हणजे ब्लॉक बनवणारा, जास्त फीवाला व्यवहार उचलतो, माझा कचऱ्यात. साधारण १३० रुपये खर्चून माणूस माझा लॅपटॉप घेऊन गेला. ‘मामा, ब्लॉकमध्ये जात नाही तोवर ते पैसे नसतातच,’ म्हणाला. हे शहाणपण आदल्या दिवशी दिलं असतंस तर, असं तोंडावर आलं होतं, गिळलं.

बायको बोलली ते त्याहून लागलं. ‘साउंडबॉक्स वाजल्याशिवाय तुमी चार्जर देणास नाय, आणि त्येका आख्खो लॅपटॉप दिल्यात?’ खरी गोम तिथेच आहे. साउंडबॉक्सने आपल्याला सवय लावलीय, आवाज झाला की माल द्यायचा. इथे आवाज पैसे निघाल्याचा असतो, पोचल्याचा नाही.

आता पुढची वरात. हेल्पलाइनवर फोन केला, तिकडून प्रश्न, बँक कुठली? यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा नंबर, सांगा. म्हटलं, यूटीआर नाही, ६४ अक्षरांचा ट्रान्झॅक्शन आयडी आहे. मग बँकेत जा. बँक नाहीये हो यात! पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, ‘पैसे आलेच नाहीत, तर गेले काय?’ मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, लॅपटॉप दुकानातून गेला ना, मग ठाण्याचा विषय. परत ठाणं. तिथे दुसरे साहेब, ते म्हणाले, बिटकॉइन बेकायदा आहे, तुमच्यावरच येईल. अहो, ते चलन नाही हे मान्य, पण १ एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर सरकार ३० टक्के कर घेतं, त्याच वर्षीच्या जुलैपासून १ टक्का टीडीएस कापतं. बेकायदा वस्तूवर टीडीएस? कर घेताना ओळख, तक्रार घेताना अनोळखी. आणि मी आभासी काही गमावलंच नाही. माझा सव्वा किलोचा लॅपटॉप गेलाय, सीरियल नंबरसकट. न्याय संहितेचं कलम ३१८ काय फक्त नोटा देऊन केलेल्या फसवणुकीला आहे? चार खेपा, दोन झेरॉक्स संच, आणि हातात पोच म्हणून एक शिक्का, त्यावर तारीखही एक दिवस पुढची. वॉलेटवाल्यांना, म्हणजे फोनवरच्या बिटकॉइन अ‍ॅपवाल्यांना, मेल केला, त्यांचं ठरीव उत्तर आलं, पैसे आमच्याकडे नसतात.

ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी निदान एवढं करा. एक कन्फर्मेशन दिसेपर्यंत वस्तू काउंटरच्या आत. दहा मिनिटं लागोत नाहीतर चाळीस, चहा पाजा, खुर्ची द्या. मोठी रक्कम असेल तर एकावर थांबू नका, पुढच्या प्रत्येक ब्लॉकला एक वाढतं, तीन तरी होऊ द्या, सहा झाली की निर्धास्त. दोनशेच्या केबलसाठी कोणी एवढा खटाटोप करणार नाही, तिथे हवं तर सोडा. ‘फी बदलता येणार नाही’ असं सेटिंग कोणी दाखवलं तर त्यावर जाऊ नका. ऑक्टोबर २०२४ च्या बिटकॉइन कोर २८ पासून (बिटकॉइनचं नेटवर्क चालवणारं मुख्य सॉफ्टवेअर) ‘बदलता येईल’ ही खूण नसलेला व्यवहारही बदलता येतो, नोड, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालवणारा कॉम्प्युटर, मुकाट्याने नवा व्यवहार घेतो. घाई असलेल्याला सांगा, लाइटनिंगवर, म्हणजे बिटकॉइनच्याच झटपट पेमेंटच्या जाळ्यावर, दे. तिथे पैसे आले म्हणजे आले, मागे फिरत नाहीत. मी आता तेच लावलंय. आणि पासपोर्टची झेरॉक्स! भाड्याच्या स्कूटरला आम्ही घेतो, लॅपटॉपला मी घेतली नाही.

म्हापसा, पणजी, कोल्हापूर, बेळगावकडच्या जुन्या मालवाल्यांना एक विनंती. १३ इंची, करड्या रंगाचा, डाव्या बिजागरीपाशी नखाएवढा चरा, चार्जर कंपनीचा नाही, त्याच्या वायरला मी स्वतः निळी टेप गुंडाळलीय. असा कोणी विकायला आणला तर त्याला चहा पाजा, आणि तोवर मला कळवा.