फळीच्या लूमवरील दोन मूलभूत टाके: स्टॉकिनेट आणि आठचा टाका

फळीच्या लूमवर, म्हणजे सुयांऐवजी खुंट्यांवर लोकर विणण्याच्या चौकटीवर, दोन फळ्यांवर खुंट्यांच्या दोन समांतर रांगा असतात आणि लोकर त्यांच्यामधून ये-जा करत असल्याने विणकाम दुहेरी होते. दोन्ही टाक्यांत खालचा वेढा आकड्याने (हुकने) वरच्या वेढ्यावरून उचलून खुंटीमागे सोडायचा असतो. फरक आहे तो लोकर कशी गुंडाळली जाते यात.

आठच्या टाक्यात लोकर एका खुंटीमागून समोरच्या खुंटीमागे, मग शेजारच्या खुंटीकडे अशी इंग्रजी आठच्या आकारात फिरते व एकाच फेरीत सर्व खुंट्या भरतात. हात पटकन बसतो, वीण मोकळी येते.

स्टॉकिनेटमध्ये मात्र जाताना एकाआड एक खुंटी घेत समोरच्या रांगेशी तिरके विणत शेवटपर्यंत जायचे आणि परतताना सुटलेल्या खुंट्या भरायच्या असतात. ही दुसरी फेरी नवशिक्यांना कंटाळवाणी वाटते, आणि मध्येच एखादी खुंटी चुकली तर ओळ उलगडावी लागते. तरीही दोन्ही बाजूंना दिसणारी एकसारखी, नीटस वीण पाहता हा वेळ सार्थकी लागतो असे माझे ठाम मत आहे. शिवाय दुहेरी विणीमुळे कडा गुंडाळत नाहीत, म्हणून मफलरसाठी स्टॉकिनेटच निवडावा.

सैल शालीसाठी किंवा जाड लोकरीसाठी आठचा टाका पुरेसा आहे. फळ्यांमधील अंतर वाढवल्यास कोणताही टाका मोठा व सैल होतो, त्यामुळे घट्ट वीण हवी असल्यास आधी ते अंतर कमी करावे.