मुंबई एंजल्स: सदस्यत्व घेण्याआधी

मुंबई एंजल्स हा नव्या कंपन्यांत सुरुवातीलाच स्वतःचे पैसे घालणाऱ्या (एंजल) गुंतवणूकदारांचा गट. त्याची ओळख करून देताना इनमोबी या मोबाइल जाहिरातींच्या मोठ्या कंपनीचं नाव हमखास निघतं, आणि ते रास्तच आहे. २००६ मध्ये साशा मीरचंदानी आणि प्रशांत चोक्सी यांनी हा गट सुरू केला. पुढच्याच वर्षी सदस्यांनी ‘एमखोज’ या एसएमएसवर शोधसेवा देणाऱ्या छोट्या कंपनीत पैसे घातले. एसएमएसचा धंदा काही चालला नाही. कंपनी मोबाइल जाहिरातींकडे वळली आणि तिची इनमोबी झाली. अशी उडी दर कंपनी मारत नाही, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

गटाचं खरं काम चाळणीचं: कंपन्या निवडून समोर बसवायच्या, तपासणी करायची, लीड सदस्याने (सगळ्यांच्या वतीने बोलणी करणाऱ्याने) टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, ठरवायची. हे चोख होतं, पण हिशेब आपला आपणच मांडावा. प्री-मनी (नवे पैसे येण्याआधीचं कंपनीचं मूल्य) ८ कोटी, उभारणी २ कोटी, तर तुमच्या १० लाखांचा हिस्सा १ टक्का. पैसे उभारण्याच्या पुढच्या दोन फेऱ्यांत नवे गुंतवणूकदार दर फेरीला २० टक्के घेऊन गेले की हातात ०.६४ टक्का उरतो. ईसॉपचा (कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअरचा) साठा प्री-मनीत धरला नसेल तर त्याहून कमी. प्रो-राटा हक्क, म्हणजे पुढच्या फेरीत पैसे घालून आपला हिस्सा टिकवण्याचा हक्क, टर्मशीटमध्ये आहे का, हे आधी बघा.

थेट शेअर घेताना घोळ होतो तो पैसे जमा झाल्यावर. पीएएस-४ ऑफर पत्र, वेगळं बँक खातं, ६० दिवसांत वाटप आणि वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हे वाटपाचं विवरण. ते दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. पगार थकवलेला संस्थापक नेमका इथेच चुकतो. एंजल टॅक्स (वाजवी मूल्याहून चढ्या भावाने शेअर दिल्यास वरच्या रकमेवर कंपनीला लागणारा कर) २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढला खरा, पण कंपनी कायद्यासाठी व्हॅल्युअरचा (नोंदणीकृत मूल्यांककाचा) अहवाल लागतोच.

थेट न जाता एंजल फंडातून, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या फंडातून, गेलात तर कॅप टेबलवर (कंपनीच्या भागधारकांच्या यादीत) वीस नावांऐवजी एकच नाव लागतं, सह्यांसाठी धावाधाव नाही. मात्र सप्टेंबर २०२५ च्या सेबी नियमांनी हा रस्ता फक्त मान्यताप्राप्त गुंतवणूकदारांपुरता ठेवलाय. म्हणजे वर्षाला २ कोटी उत्पन्न, नाहीतर ७.५ कोटी नक्त मालमत्ता आणि त्यातली निम्मी वित्तीय. सगळं जमिनीत अडकलेल्यांची इथे पंचाईत होते.

२०२२ मध्ये ३६० वन या श्रीमंतांची संपत्ती सांभाळणाऱ्या (वेल्थ) कंपनीने मुंबई एंजल्सचा मोठा हिस्सा घेतला. आताची शिस्त वेल्थ कंपनीची आहे, जुन्या क्लबची नाही. बाहेर पडणं मात्र आजही तितकंच अवघड. शेअर विकायला आधी आर्टिकल्समधला (कंपनीच्या नियमावलीतला) प्रथम खरेदीचा हक्क, म्हणजे शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करण्याची अट, आडवा येतो, मग गिऱ्हाईक शोधायचं.