ईकोमध्ये बाहेरचा अ‍ॅम्प न लावता साऊंड करून घेतला, नाना पेठेतल्या दुकानाचा अनुभव

आधीच सांगतो, व्हॅनमध्ये चांगला आवाज हवा असेल तर पहिला पैसा अ‍ॅम्पवर (म्हणजे स्पीकरला जास्त पॉवर देणाऱ्या यंत्रावर) घालू नका, दारांवर घाला. हे मला ज्या फिटरने पटवून दिलं त्याच्या कामाबद्दल लिहितोय. दुकान पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत एकदम छोटं आहे.

गाडी मारुती ईको, ५ सीटर सीएनजी. आमचा केटरिंगचा धंदा आहे त्यामुळे आठवडाभर पातेली आणि रविवारी घरची मंडळी. आधी दोन-तीन ठिकाणी विचारलं तर सगळ्यांचं एकच, अ‍ॅम्प टाका, मागे बेसचा डबा टाका. अरे पण टाकायचा कुठे? मागे सीएनजीची टाकी, उरलेल्या जागेत सामान, आणि बाकीच्या गाड्यांमध्ये अ‍ॅम्प पुढच्या सीटखाली सरकवतात तिथे ईकोमध्ये इंजिनच बसलंय. शिवाय बॅटरीपासून जाड वायर ओढा, फ्यूज टाका, तो खर्च वेगळाच. म्हणून ठरवलं की स्टिरिओच्या आतल्या अ‍ॅम्पवरच जेवढं होईल तेवढं करायचं.

या दुकानातल्या दादांनी गाडीला हात लावायच्या आधी पुढच्या दारावर बोटाने टकटक केलं. टण्ण. पत्रा पातळ आणि सपाट, आतून पोकळ. मग दाराचं पॅड काढून आतली मोठी मोठी भोकं दाखवली, त्यावर नुसता प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेवढीच हवा मागे पण हलते, आणि मागचा आवाज पुढच्याच्या बरोबर उलटा असतो. तो या भोकांमधून फिरून पुढे आला की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सगळ्यात जास्त खाल्ला जातो तो बेस. म्हणजे बेस स्पीकरमधून निघतोय पण आपल्यापर्यंत पोचतच नाहीये, अशात अ‍ॅम्प लावून उपयोग काय? हे ऐकल्यावर मी तिथेच काम द्यायचं ठरवलं.

काम असं झालं. आधी दाराचा पत्रा आतून पुसून कोरडा केला, मग बाहेरच्या पत्र्याला आतल्या बाजूने ब्यूटाइल रबराची अ‍ॅल्युमिनियमवाली शीट लावली आणि लाकडी मुठीच्या रोलरने इतकी दाबली की शीटवरची नक्षी सपाट झाली. नुसती हाताने थापलेली शीट नंतर सुटते. सगळा पत्रा झाकला नाही, मधल्या मोठ्या सपाट भागावर जास्त लावली, कारण पत्र्याची थरथर थांबवायला पूर्ण झाकायची गरज नसते. स्वस्तात डांबरी शीट पण मिळते पण ती उन्हात वास मारते आणि वितळून खाली घसरते, आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये बंद गाडी किती तापते ते सांगायला नको. मग आतली भोकं बंद केली. लॉकच्या रॉडना फोमची पट्टी गुंडाळली म्हणजे ते खडखडणार नाहीत. दाराच्या अगदी तळाला पाणी जायची छोटी छिद्रं असतात ती मात्र मुद्दाम मोकळी ठेवली. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं ते तिथूनच बाहेर जातं, ती बुजली की दार आतून गंजलंच समजा. तुमचा फिटर कुणीही असो, हे एवढं स्वतः वाकून बघा. काम झाल्यावर परत टकटक केलं तर थप्प असा बसका आवाज. दार लावताना पण फरक कळतो, बायकोने विचारलं की दार बदललं का.

आता वॅटचं. स्टिरिओच्या डब्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो. पायोनियर या स्टिरिओ कंपनीच्याच मॅन्युअलमध्ये मागच्या पानावर बघा, मॅक्सिमम ५० वॅट गुणिले ४ आणि त्याच्या खाली कंटिन्युअस, म्हणजे सतत मिळणारे, २२ वॅट गुणिले ४. हिशोब सोपा आहे, गाडी चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर ४ ओमचा, त्यात स्वच्छ आवाज जास्तीत जास्त २६ वॅटच्या आसपास निघू शकतो, तो पण कागदावर. ५० चा आकडा येतो तो आवाजाची गोल लाट वरून-खालून कापली जाऊन चौकोनी झाल्यावर, जो फाटका आवाज कुणी ऐकत नाही आणि ज्याने ट्वीटर (बारीक, टोकदार आवाजाचे छोटे स्पीकर) जळतात. म्हणजे हातात खरे २० एक वॅट आहेत, मग ते वाया न घालवणारा स्पीकर घ्यायचा. बॉक्सवर वॅटच्या शेजारी सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते, डीबीमध्ये (डेसिबल), ती वाचा. ८९ डीबीच्या ऐवजी ९२ डीबीचा घेतला तर ३ डीबीचा फरक पडतो आणि ३ डीबी म्हणजे पॉवर दुप्पट केल्यासारखं. २० वॅटवर ९२ वाला तेवढाच वाजतो जेवढा ८९ वाला ४० वॅटवर. ३०० वॅट मॅक्स लिहिलेला जड स्पीकर दुकानदार पुढे करतात, तो आतल्या अ‍ॅम्पवर मरगळलेला वाजतो.

मी पुढे साडेसहा इंचाचा कॉम्पोनंट सेट (ज्यात ट्वीटर वेगळा येतो) घेतला, ९२ डीबीवाला, आणि मागच्या लोकांसाठी साधे को-अ‍ॅक्सियल, म्हणजे ट्वीटर स्पीकरच्या मधेच बसवलेले. मागची दारं सरकती असल्याने त्यात वायर न्यायचा ताप, म्हणून ते बाजूच्या पॅनलमध्ये बसवले. पुढच्या स्पीकरखाली रिंग टाकली ती एमडीएफची (लाकडाच्या भुश्श्याचा दाबलेला बोर्ड) नाही, वॉटरप्रूफ प्लायची, वरून वॉर्निश मारलेली. एमडीएफ एका पावसाळ्यात फुगतो. रिंग पक्की करायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन मॅग्नेटला लागत नाही ना ते बघितलं. गाडीची एकही मूळ वायर कापली नाही, कपलर लावले.

मला सगळ्यात आवडला तो ट्वीटरचा भाग. दादांनी ते लगेच स्क्रूने ठोकले नाहीत, डबल टेपने डॅशबोर्डच्या कोपऱ्यात चिकटवले, मला ड्रायव्हर सीटवर बसवलं आणि एक अभंग लावला. टाळ कानात टोचत होते. त्यांनी ट्वीटर थोडा काचेकडे वळवला, परत ऐकवलं, परत वळवला, असं करत करत एका जागी गाणाऱ्याचा आवाज बरोबर डॅशबोर्डच्या मधोमध आला आणि टाळ टाळासारखे वाजायला लागले. मगच फिक्स केलं. मधे एकदा दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना टेकवून पडदा बाहेर येतो का आत जातो ते पण तपासलं, कारण एका बाजूची प्लस-मायनस उलटी लागली तर दोन्ही स्पीकर चालू असून बेस गायब होतो.

सेटिंगमध्ये पुढच्या स्पीकरना हाय पास ८० हर्ट्झला लावला, म्हणजे त्याखालचा खोल बेस स्पीकरकडे जातच नाही, लाऊडनेस बंद, बेस बूस्ट बंद. बेस बूस्ट बंद केल्यावर बेस चांगला कसा येतो हा प्रश्न मला पण पडला होता. पण खालच्या हर्ट्झला सगळ्यात जास्त पॉवर जाते आणि एवढ्याशा स्पीकरला ते झेपत नाही, ते काढून टाकलं की उरलेली पॉवर पखवाजाच्या थापेला आणि गळ्याला मिळते. आवाज आधीपेक्षा दोन-तीन घरं जास्त वाढवता येतो आणि फाटत नाही.

आता कमी काय ते पण सांगतो. डीजेवाला छाती हलवणारा बेस हवा असेल तर हे तुमच्यासाठी नाही, तो या सेटअपमधून येतच नाही. कात्रजचा बोगदा सोडून साताऱ्याकडे हायवेला लागलो आणि स्पीड ८० च्या वर गेला की सीटखालच्या इंजिनच्या आवाजात तबल्याचा डग्गा हरवतो. छताला पण शीट मारली तर फरक पडेल असं दादा म्हणाले, मला पटतंय, पावसाळ्याआधी करून घेणार आहे. दुकानात बसायला जागा नाही, पार्किंगचे हाल आहेत, आणि दिलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला. डाव्या दाराची एक क्लिप नंतर करकर करायला लागली, परत नेली तर पैसे न घेता बदलून दिली.

खर्च शीट, स्पीकर, रिंग, मजुरी सगळं धरून साधारण तेरा हजारांच्या घरात गेला, स्टिरिओ माझा आधीचाच होता. अ‍ॅम्प आणि डब्याचं कोटेशन याच्या जवळजवळ दुप्पट होतं, आणि त्यात दाराचं काम धरलेलंच नव्हतं.

बजेट कमी असेल तर आधी फक्त पुढची दोन दारं आणि पुढचे स्पीकर करा, मागचे नंतर कधीही होतात. गाडी सकाळी लवकर लावा, पॅड काढून शीट मारायलाच अर्धा दिवस जातो, आणि तुमची रोजची ऐकण्यातली दोन-चार गाणी पेनड्राइव्हवर चांगल्या क्वालिटीची घेऊन जा, ट्वीटर त्यावरच लावून घ्या.