कॉर्नर टू कॉर्नर शालीसाठी रंग बदलणारा केक: वापरून झाल्यावर

रंग बदलत जाणाऱ्या दोऱ्याचे मोठे केक, म्हणजे चपट्या गोल गुंडाळ्या, आता पुण्यात तुळशीबागेच्या आसपास लोकरीच्या दुकानांत मिळतात. मी घेतला तो १००० मीटरचा, साधारण २२० ग्रॅमचा, सुती आणि ॲक्रिलिक मिश्र. आत जांभळा, मग राणी, मग नारिंगी, बाहेर हळदी पिवळा. नाशिकच्या मावशीला थंडीत अंगभर लपेटता येईल अशी शाल करायची होती. ती झाली, मावशीनं वापरलीही. कॉर्नर टू कॉर्नर, म्हणजे एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या क्रोशाच्या विणीला असा दोरा फार शोभतो, हे मी खात्रीनं सांगते.

सरळ ओळींत विणलं की या दोऱ्याचे आडवे पट्टे पडतात. इथं मात्र सुरुवातच कोपऱ्यातून. सहा साखळ्या घालायच्या, सुईपासून चौथ्या साखळीपासून तीन खांब, म्हणजे उंच टाके, घालायचे, झाला पहिला चौकोन. पुढं दर ओळीला एक चौकोन वाढतो आणि रंग तिरके उतरत जातात. सुरुवातीच्या ओळी आखूड, त्यामुळे पहिला रंग पुष्कळ ओळी पुरतो. हवी ती रुंदी आली की एका कडेला वाढवायचं आणि दुसऱ्या कडेला घटवायचं. मग ओळ तेवढीच राहते आणि रंगही सारख्या अंतरानं बदलतात. म्हणून कोपऱ्यात कुठला रंग डोळ्यात भरायला हवा ते आधी ठरवा आणि त्या टोकानं सुरुवात करा. मी आतून, जांभळ्यानं केली.

दुकानातल्या काकूंचं मला फार कौतुक वाटलं. त्यांनी केकचं आतलं टोक ओढून दाखवलं, घाई केली नाही. त्यांच्याकडे विणून ठेवलेले दोन नमुने होते, एक पूर्ण खांबांचा आणि एक अर्ध्या खांबांचा. अर्ध्या खांबांचे चौकोन बारीक आणि घट्ट दिसतात, पण शालीला पूर्ण खांबच बरे, वीण अंगावर सैल पडते. "साडेतीन मिलिमीटरची नको, चारची सुई घ्या," असंही त्यांनी सांगितलं. ते अगदी बरोबर निघालं.

दोरा संपेल का, ही धास्ती मोठ्या शालीत सगळ्यांनाच असते. त्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा हा सगळ्यात चांगला उपाय. रुंदी पूर्ण होईपर्यंत किती ग्रॅम लागले ते लिहून ठेवायचं. शेवटच्या कोपऱ्याला तेवढाच दोरा लागतो. माझे ३० ग्रॅम गेले होते. काठासाठी थोडा जास्त धरून, केक ४० ग्रॅमवर आल्यावर मी दोन्ही कडांना घटवायला घेतलं. शाल ५० सेंटीमीटर रुंद, १८० लांब झाली. काठाला मुक्या खांबांची, म्हणजे आखूड टाक्यांची, एक फेरी पुरते, तिनं पायऱ्या पायऱ्यांची कड सरळ होते.

आता खटकलं ते. दोऱ्याचे चार पदर एकमेकांत पिळलेले नाहीत, शेजारी शेजारी नुसते ठेवलेले आहेत. टोकदार सुई त्यात घुसते आणि एखादा पदर मागे सुटतो. गोल टोकाची सुईच वापरा. रंग बदलताना एकेक पदर बदलतो आणि तिथं बारीक गाठ असते. या विणीला उलट-सुलट बाजू नसते, त्यामुळे गाठ मागे लपवायची सोय नाही, ती खांबाच्या पोटातच घ्यावी लागते. गाठ कापू मात्र नका, रंगांचा क्रम तुटतो. किंमतही चांगलीच आहे. तेवढ्या पैशांत साध्या ॲक्रिलिकच्या लडी घेतल्या तर अशा दोन शाली सहज होतील.

धुवायला गार पाणी, आणि वाळवायची ती पसरूनच. दोरीवर टाकली तर ओल्या सुताच्या वजनानं तिरकी ओढली जाते.

ही वीण पहिल्यांदाच करत असाल तर आधी जाड लोकर आणि पाचची सुई घेऊन एक छोटा चौरस करा. वाढवणं आणि घटवणं हाताला बसलं की मग हा केक खुशाल घ्या.