एमएम ५४०: कंपनी एक, घराणी तीन

महिंद्राची नव्वदच्या दशकातली एमएम ५४० जीप मी दिंडोरीकडच्या एका बागायतदाराकडून घेतली आणि गेल्या पावसाळ्यापासून मळ्यावर, नाशिकच्या पेठ रोडला, सातपूर-अंबडच्या कामांना तीच नेतोय. ‘गाडी भरवशाची आहे का?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. याला एका शब्दात उत्तर नाही, कारण ही गाडी एका कारखान्याच्या डोक्यातून निघालेलीच नाही. प्रत्येक भागाचा भरवसा वेगळा, म्हणून मीही तो सुटासुटाच सांगतो.

आधी वंशावळ. १९४० साली अमेरिकन सैन्याला जीपचा पहिला नमुना दिला बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं. मोठी ऑर्डर मात्र विलीज आणि फोर्डला मिळाली. युद्ध संपल्यावर विलीजनं नागरी जीपची सीजे मालिका काढली. १९५३ला विलीज कैसरकडे गेली, १९७०ला एएमसीकडे, १९८७ला क्रायस्लरकडे, १९९८ला डाइम्लर-क्रायस्लर झालं, मग काही काळ सर्बेरस हा गुंतवणूकदार, २००९पासून फियाट आणि २०२१पासून स्टेलँटिस. एवढी नावं सातबाऱ्यावरही चढत नाहीत.

आपल्याकडची फांदी निराळी. १९४५ साली स्थापन झालेली कंपनी मुळात महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इथे १९४८ला महिंद्रा अँड महिंद्रा असं नाव पडलं. कंपनीनं विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली, मग परवान्यावर उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी बनवली. अमेरिकेत ते मॉडेल १९६८ला बंद झालं, इथे त्याच चेहऱ्याच्या गाड्या पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. गंमत पुढे आहे. महिंद्रानं रॉक्सर ही तशीच गाडी अमेरिकेत नेली, तर जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, म्हणजे फियाट क्रायस्लरनं, रूपाची नक्कल केली म्हणून तक्रार ठोकली. २०२०ला तिथल्या व्यापार आयोगानं त्या रूपातल्या रॉक्सरवर बंदी घातली आणि चेहरा बदलावा लागला. ज्या घराण्यानं परवाना दिला, त्याचेच वारस कोर्टात!

आता माझी गाडी. बॉनेट उघडलं की अमेरिका संपते आणि फ्रान्स सुरू होतो. सीजे-थ्रीबीत विलीजचं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं. ५४०मध्ये बसलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. एकूण २,११२ सीसी आणि ताकद साठ हॉर्सपॉवरच्या घरात. आजच्या पोरांना हे आकडे ऐकून हसू येतं. येऊ दे. इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स नावाला नाही; पंप, नोझल, फिल्टर, डिझेल, बस्स. डिझेलच्या नळीत हवा धरली तर रस्त्याच्या कडेला पाना घेऊन काढता येते. लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, वेगळे बसवलेले असल्यामुळे ब्लॉक टाकून न देता इंजिन पुन्हा बांधता येतं, म्हणून तर ही इंजिनं अजून जिवंत आहेत. डिझेल आधी एका छोट्या प्री-चेंबरमध्ये पेटतं आणि तिथल्या हवेची उष्णता थंड भिंती खाऊन टाकतात, म्हणून थंडीत चेंबर तापवणाऱ्या हीटर प्लगशिवाय इंजिन जागं होत नाही. निफाडकडे पारा पाच-सहावर उतरतो त्या पहाटे हीटर देऊन थांबावंच लागतं. घाई केली की बॅटरी उतरते. सावळघाट भरल्या गाडीनं चढताना दुसरा गिअर, मागे एसटी, एसटीच्या मागे अख्खी रांग. साठच्या वर आवाज इतका होतो की शेजारच्याशी बोलणं सोडून द्यायचं. अ‍ॅव्हरेज दहा-बाराच्या आसपास. तापमानाच्या काट्यावर मात्र नजर हवी. ही इंजिनं मरतात ती तापून; रेडिएटर साफ असेल तर वर्षानुवर्षं कुरकुर नाही.

ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, आणि एक्सेल हे विलीजच्या काळातल्या स्पायसर घराण्याचे. याबद्दल लिहायला फारसं काही नाही, आणि हीच त्यांची तारीफ. पावसाळ्यात मळ्याच्या चिखलात लो गिअर टाकला की गाडी बैलासारखी निघते, नवे टायर नसतानाही. सील जुनी झाली की तेल ठिबकतं. बदलायची, पुसायचं, पुढे जायचं.

भरवसा ढासळतो तो तिसऱ्या घराण्यापाशी, म्हणजे आधीच्या मालकांपाशी. माझ्या गाडीला कुणीतरी मोठे टायर चढवले होते, त्यानं किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या, बेअरिंगची वाट लागली आणि स्टेअरिंगला एवढा प्ले आला की महामार्गावर गाडी स्वतःच्या मर्जीनं चालायची. वायरिंग तर तीन वेगवेगळ्या काळांत तीन जणांनी केलेलं. हॉर्न वाजवला की वायपर हलायचा. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, इंजिनाला हात लावू नका, आधी हे सगळं ओढून काढा.” तेच केलं. मूळ मापाचे टायर, नवं वायरिंग, नवी किंगपिन बेअरिंग, एवढ्यावर गाडी माणसात आली. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, पाण्यातून गेलं की सुकेपर्यंत दाबत राहायचं. हा दोष नाही, त्या काळाचा स्वभाव आहे. ज्याला ते जमणार नाही त्यानं नवी थार बघावी, ती इथेच नाशिकला बनते आणि तिच्यात माणसासारखे ब्रेक आहेत.

शेजारी गंगापूर रोडवर एकांकडे कंपास आहे. नावावर खरीखुरी ‘जीप’, बनलेली रांजणगावला, टाटा आणि फियाटच्या भागीदारीतल्या कारखान्यात. तिचं दोन लिटरचं डिझेल इंजिन फियाटचं. तेच टाटाच्या हॅरियरला, तेच एमजीच्या हेक्टरला. म्हणून नव्यातही ‘जीप कशी आहे’ हे विचारून भागत नाही, इंजिन कुठलं आणि त्याचा सुटा भाग गावात मिळतो का, हे विचारावं लागतं. माझ्या एक्सडीपीचा माल नाशिकमध्ये अजून मिळतो, पण लोकल आणि ओरिजिनल यांच्या किमतीत आणि आयुष्यात फार अंतर आहे. ऑइल सील आणि क्लच प्लेट लोकल घेऊ नका. दरवाजे, हूडची ताडपत्री, काचा काहीही चालतं.

घेणाऱ्यांनी गाडी चालवून बघण्याआधी कागद बघावेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं, वर पर्यावरण कर, आणि तपासणीत चेसिस नंबर स्पष्ट दिसायला हवा. या गाड्यांची इंजिनं बदललेली असतात, आणि बदल आरटीओत नोंदवायचा कंटाळा अनेकांनी केलेला असतो. आरसीवर इंधन पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशा दोन जीपा मी खरेदीच्या वेळी बघून सोडल्या. एक तर माझ्या गाडीपेक्षा दिसायला देखणी होती, किंमतही कमी होती. मालक म्हणाले, “चालतंय हो, कोण बघतं?” नूतनीकरणाला गाडी आरटीओत उभी राहते तेव्हा तिथला निरीक्षक बघतो.