‘मायग्रंट मदर’ घरच्या भिंतीवर: लायब्ररी ऑफ काँग्रेसचा फुकट फोटोसंग्रह

‘मायग्रंट मदर’, म्हणजे ‘स्थलांतरित आई’: छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी 1936 साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे टिपलेली ही आई. वय 32, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, खांद्यांशी बिलगून तोंड फिरवलेली दोन मुलं. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवर हा फोटो मूळ निगेटिव्हच्या स्कॅनवरून थेट उतरवून घेता येतो, लॉगिन नाही, पैसे नाहीत. या संग्रहाची खरी श्रीमंती हीच.

डाउनलोड करताना जेपेग नको, सर्वांत मोठी टिफ (जास्त तपशील राखणारी) फाइल घ्या. 8×10 इंची प्रिंटला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 2400×3000 पिक्सेल लागतात. छोटी जेपेग ताणली की कपाळावरच्या आठ्याच पुसट होतात, मग उरलं काय?

मोठी चूक पुढे होते. निगेटिव्ह 4×5 इंची, म्हणून 8×10 मध्ये फोटो अख्खा बसतो. लॅबवाल्याने 8×12 चा कागद भरून काढला, की बाजू कापल्या जातात. नेमकं उजवीकडे तंबूचा खांब आहे आणि खाली कोपऱ्यात तो धरलेल्या हाताचा अंगठा. लँग यांना तो अंगठा खटकला, म्हणून रीटच करून (निगेटिव्हवर हात फिरवून) घालवला. तरी नीट पाहिलं तर त्याची धूसर सावली दिसते. रीटच न केलेली प्रतही संग्रहात आहे, दोन्ही शेजारी ठेवून जरूर बघा.

लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन’ (रंग-उजेड आपोआप बदलणं) बंद ठेवायला सांगा, कागद मॅटच घ्या.

याच संग्रहातल्या काही फोटोंत मधोमध काळा गोल दिसतो. तो स्कॅनचा दोष नव्हे. हे फोटो अमेरिकी सरकारच्या एका छायाचित्रण प्रकल्पातले; त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला पंचने भोक पाडत.