बोंबील अप्रतिम, पण मेनूवरची डाकगाडी तेवढी काढा

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो की माझं जेवण मासळी बाजाराजवळच्या एका छोट्या घरगुती खाणावळीत ठरलेलं. परवा रवा लावलेले ओले बोंबील मागवले. गोव्यात इसवण आणि चोणक या माशांपुढे बोंबलाला मान कमी, त्यामुळे तो मनापासून करणारं कुणी भेटलं की मला फार बरं वाटतं.

ओल्या बोंबलात पाणी इतकं, की तसाच तव्यावर टाकला तर लगदा होतो. इथे तसं झालं नव्हतं. रवा कडेपर्यंत कुरकुरीत, आत मासा लोण्यासारखा. "वहिनी, पाणी कसं काढता?" विचारलं. "चिरून, मीठ लावून दोन पाटांमध्ये दाबते, वर वरवंटा. घाई केली तर फसतो," त्या म्हणाल्या. सोबत उकडा भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, आणि सोलकढी. हुमणात आंबटपणा थोडा जास्त होता, एवढीच तक्रार.

खरी तक्रार मेनूकार्डाची. बोंबलाखाली लिहिलंय: सुका बोंबील मुंबईच्या डाकगाडीतून जायचा, डब्यात वास भरायचा, म्हणून इंग्रजीत 'बॉम्बे डक'. गोष्ट ऐकायला छान, पण आपल्याकडे पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदर ते ठाणे धावली १८५३ साली, आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधी छापलेलं सापडतं. उलट १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 'डक्स' हे मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या साहेबांचं टोपणनाव दिलंय, आणि ते या माशावरूनच आलं असावं असं म्हटलंय. मद्रासवाले साहेब मुलिगाटॉनी सारावरून 'मल', बंगालवाले नोकराला मारलेल्या "कोई है?" या हाकेवरून 'क्वी-हाय'. म्हणजे आमच्या बोंबलाने चक्क साहेबाला नाव दिलं! हे कार्डावर यायला हवं.

आपणही माणसाला बोंबलाचं नाव देतो. माझा धाकटा भाऊ तापातून उठला तेव्हा आजी त्याला "सुको बोंबील जालो रे माजो" म्हणत पेज भरवायची. हाडकुळ्या माणसाला हा शब्द कुणी चिडवायला वापरतं, तिच्या तोंडी त्यात काळजी असायची.

वहिनींना हे सगळं सांगितलं. पुढच्या छपाईला बदलते म्हणाल्या.

तीन बोंबलांची प्लेट १८० रुपये. बाजाराच्या दिवशी साडेबाराच्या आत पोचा, एक वाजता बोंबील संपलेले असतात.